ली कुन-ही : द्रष्टा उद्योगपती की माफीवर तरलेला वारसदार?

(हिशेबी, तळटीप आणि उंबरठा ही वाद घालणाऱ्या तिघांची टोपणनावे.)

हिशेबी : दक्षिण कोरियाच्या सॅमसंगचे अध्यक्ष ली कुन-ही २०२० च्या ऑक्टोबरमध्ये वारले. त्यांच्या कर्तृत्वापेक्षा खटल्यांचीच चर्चा अधिक होते, आणि ती मला अन्यायाची वाटते. १९८७ साली वडील ली ब्युंग-चुल यांच्या पश्चात गादी त्यांच्याकडे आली, तीही दोघा थोरल्या भावांना बाजूला सारून. त्याआधी १९७४ मध्येच त्यांनी स्वतःचे पैसे घालून हानकुक सेमीकंडक्टर या चिप बनवणाऱ्या, अडचणीतल्या कंपनीत हिस्सा घेतला होता. १९९३ मध्ये फ्रँकफुर्टला अधिकाऱ्यांना जमवून त्यांनी ‘बायकोमुले सोडून सगळे बदला’ असे बजावले, आणि १९९५ मध्ये गुमीच्या कारखान्यात सुमारे दीड लाख सदोष फोन व इतर उपकरणे कामगारांच्या देखत फोडून जाळली. तिमाही नफ्याकडे डोळे लावून बसलेल्या पगारी व्यवस्थापकाची ही छाती झाली असती का?

तळटीप : गुमीची होळी सगळे सांगतात, २००९ चा डिसेंबर मात्र कोणी सांगत नाही. करचुकवेगिरीबद्दल आदल्या वर्षी दोषी ठरलेल्या या गृहस्थांना राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक यांनी खास त्यांच्या एकट्यासाठी माफी दिली; कारण काय, तर देशातल्या प्योंगचांगला हिवाळी ऑलिंपिक मिळवायचे होते. त्याआधी राष्ट्राध्यक्ष रो ते-वू यांना लाच दिल्याचा गुन्हा १९९६ मध्ये शाबीत झाला होता, आणि त्यातही पुढच्याच वर्षी माफी मिळाली होती. छातीचे म्हणाल, तर हाती सत्ता असलेल्याला दुसऱ्याचा माल जाळायला ती फारशी लागत नाही.

हिशेबी : माफी देणारे सरकार होते, मागणारे तेवढे दोषी कसे? आणि ऑलिंपिक २०११ मध्ये प्योंगचांगच्या पदरात पडलेच.

उंबरठा : माझा आक्षेप वेगळा आहे. एकाच माणसाच्या शब्दावर कारभार चालला की त्याची हौसही धोरण ठरते. अध्यक्षांना मोटारींचे वेड, म्हणून १९९० च्या दशकात सॅमसंग मोटारींच्या धंद्यात उतरली. २००० मध्ये तो रेनोला विकावा लागला आणि धनकोंची समजूत काढण्यासाठी लींना स्वतःकडचे सॅमसंग लाइफ या विमा कंपनीचे शेअर द्यावे लागले. (दिले, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे.) कामगार संघटना नकोच, हा वडिलांचा हट्टही त्यांनी चालू ठेवला, तो सोडल्याचे मुलाने जाहीर केले २०२० मध्ये, माफी मागून.

हिशेबी : मोटारींचा मुद्दा मान्य. तरी चिप आणि मोबाइल या दोन्हींत एवढी दीर्घकाळ गुंतवणूक करण्याची हिंमत मालकाचीच असते, या मतावर मी ठाम आहे.

तळटीप : मग एका वर्षाचा हिशेब द्या. २०१४ च्या मे महिन्यात हृदयविकाराचा झटका आल्यापासून ली रुग्णालयात अंथरुणाला खिळलेले होते, आणि २०१७ च्या फेब्रुवारीत त्यांचे चिरंजीव ली जे-यॉंग लाचखोरीच्या प्रकरणात तुरुंगात गेले. म्हणजे मालकांपैकी कोणीही खुर्चीवर नव्हते, आणि त्याच वर्षी सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सने तोवरचा सर्वाधिक नफा कमावला.

हिशेबी : तो नफा चिपचा होता, आणि चिपचे बी कोणी पेरले ते मी वर लिहिलेच आहे.