मुर्मूताई निवडून आल्या, तर आम्ही पेढे का वाटायचे नाहीत?

डोंगरपाडा (२२ जुलै २०२२)

काल राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचा निकाल लागला, द्रौपदी मुर्मू निवडून आल्या, आणि रात्रीच या मंचावर 'तर्कनिष्ठ' यांचं टिपण वाचलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कोविंदांमुळे दलितांचं काय भलं झालं, म्हणून मुर्मूंमुळे आदिवासींचं होईल? एक रबरी शिक्का जातोय, दुसरा येतोय, आणि पाड्यांवर पेढे वाटणारे आदिवासी स्वतःला फसवून घेताहेत.

पेढे मीही वाटले, म्हणून उत्तर मी देते.

मी वारली, तलासरी तालुक्यातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या घरावर तीन पिढ्या लाल बावटा आहे. आजोबा लग्नगडी होते. लग्नासाठी सावकाराकडून उचल घेतली आणि ती फेडायला नवरा-बायको दोघं त्याच्या वाडीवर राबली. १९४५ साली झरीला परिषद झाली, गोदूताई परुळेकरांनी वेठ बंद करायला सांगितलं, तेव्हा आजोबा त्या गर्दीत होते. मी कमळाला कधी मत दिलेलं नाही, पुढेही देणार नाही. डहाणूचा आमचा आमदार आदिवासी आहे, माकपचा आहे, आणि त्याच्या पक्षाचा पाठिंबा यशवंत सिन्हांना होता, हेही मला ठाऊक आहे.

तरी टीव्हीवर ६,७६,८०३ विरुद्ध ३,८०,१७७ हा आकडा आला तेव्हा मी रडले. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला आणि कोणाशी न बोलता बसून राहिले. ही बाई पाटबंधारे खात्यात कारकून होती. मग रायरंगपूरच्या शाळेत शिकवत होती. १९९७ ला नगरसेवक झाली. नवरा गेला, दोन मुलगे गेले, तरी उभी राहिली. माझ्या वर्गातल्या मुलींना इंदिरा गांधी सांगताना मला मधे खूप काही समजावून सांगावं लागतं. हिच्याबद्दल सांगताना काहीच समजवावं लागत नाही.

आणि शिक्क्याचं म्हणाल, तर झारखंडात भाजपच्याच सरकारनं छोटानागपूर आणि संथाल परगण्याच्या कुळकायद्यांत दुरुस्त्या केल्या होत्या, आदिवासींची शेतजमीन बिगरशेतीकडे वळवता यावी म्हणून. २०१७ ला राज्यपाल मुर्मूंनी ती विधेयकं परत पाठवली आणि सरकारला ती सोडून द्यावी लागली. रबरी शिक्का परत पाठवत नसतो.

तर्कनिष्ठ

ताई, तुमच्या आजोबांबद्दल वाचून मान खाली गेली. पण मुद्दा सोडत नाही.

झारखंडचं अर्धंच सांगितलंत. त्याच काळात, २०१७-१८ ला, खुंटी भागात पथलगडी झाली. गावाच्या वेशीवर दगड उभारून त्यावर संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतले आदिवासी भागांचे अधिकार कोरणाऱ्या हजारो आदिवासींवर गुन्हे लागले, राजद्रोहाचेसुद्धा. राजभवनात तेव्हा कोण होतं? ते गुन्हे मागे घ्यायचा निर्णय व्हायला डिसेंबर २०१९ मध्ये सरकार बदलावं लागलं.

राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालावं लागतं, हे तुम्हीही वर्गात शिकवत असाल. पण ज्यांना करायचं होतं त्यांनी त्या चौकटीतही केलं. नारायणन यांनी १९९७ ला उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस परत पाठवली होती. कोविंदांनी पाच वर्षांत असं काय परत पाठवलं? म्हणून विचारतो. तुमच्या आनंदावर माझा राग नाही. तो आनंद वापरला जाणार आहे, याचा राग आहे. मुर्मूंच्या जन्मगावच्या, उपरबेड्याच्या, एका वस्तीवर वीज नव्हती, ती उमेदवारी जाहीर झाल्यावर ओढायला घेतली. बाई दोनदा आमदार होत्या, मंत्री होत्या, राज्यपाल होत्या, तोपर्यंत कुणाला ती वस्ती दिसली नाही.

रावेरचा केळीवाला

म्हणजे शेवटी लाल बावट्याच्या घरातून कबुली आली. ताई, तुमचं अभिनंदन. २०१२ ला पी. ए. संगमा उभे होते. गारो आदिवासी, लोकसभेचे माजी अध्यक्ष. त्यांच्या मागे भाजप उभा राहिला. त्यांच्याच राष्ट्रवादीनं त्यांना पक्ष सोडायला लावलं आणि काँग्रेसनं प्रणवदांना निवडून आणलं. तेव्हा आदिवासी राष्ट्रपती का चालला नाही, हे पुण्याच्या विचारवंतांनी सांगावं.

डोंगरपाडा

दादा, माझा आनंद तुमच्या पक्षाच्या खात्यात जमा करू नका. बुलेट ट्रेनला आमच्या पालघरच्या ग्रामसभांनी नाही म्हटलं, तेव्हा तुमच्या सरकारनं ते ऐकलं नाही. संगमांचं मात्र बरोबर बोललात. तेव्हा सगळ्या पक्षांना मतं मोजायची होती, आदिवासी कुणालाच दिसला नाही. आणि तर्कनिष्ठ, पथलगडीचं खरं आहे. त्याचा मलाही त्रास होतो. पण विरोधी पक्ष तत्त्वासाठी लढत होते म्हणावं, तर त्यांनी उमेदवार कोण दिला? अटलजींच्या सरकारातला अर्थमंत्री. एक भाजपचा जुना, एक भाजपची नवी. त्यातून मी माझी निवडली.

दादरकर

तारीख कुणाच्या लक्षात आली का? २००७ ला प्रतिभाताई पाटलांचा निकालही २१ जुलैलाच लागला होता. आम्ही एनडीएत होतो, समोर शेखावत होते, तरी बाळासाहेबांनी मराठी बाई म्हणून ताईंना पाठिंबा दिला. आमच्या शाखेबाहेर त्या दिवशी फटाके वाजले, आणि लावणाऱ्यांत एकही काँग्रेसवाला नव्हता. तेव्हाही 'शिक्का' म्हणणारे होतेच. यंदाही तेच झालं. २९ जूनला मुख्यमंत्रिपद सोडलं, पक्ष फुटला, तरी १२ जुलैला उद्धवसाहेबांनी मुर्मूंना पाठिंबा दिला. आपली बाई, आपला माणूस यापुढे पक्ष बघायचा नसतो.

रावेरचा केळीवाला

खासदारांनी दबाव आणला म्हणून दिला. नाहीतर आठवड्यात १२ खासदार शिंद्यांकडे गेले नसते.

दादरकर

तुझ्या वयापेक्षा जास्त वर्षं मी शाखेत काढली आहेत. दबाव काय असतो ते मला शिकवू नकोस.

हरिश्चंद्रगड

तुमचं पक्षांचं भांडण चालू द्या. मी नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडचा, महादेव कोळी आदिवासी, चौथ्यांदा एमपीएससीला बसतोय. राष्ट्रपती आदिवासी झाल्या याचा आनंद आहेच. पण माझ्या समाजाच्या जागेवर खोटे दाखले घेऊन बसलेले बोगस आदिवासी कधी उठणार? सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१७ मध्ये स्पष्ट सांगितलं की दावा अवैध ठरला तर नोकरी जाते, पदवी जाते. राज्य सरकारनं काय केलं? डिसेंबर २०१९ ला शासन निर्णय काढून अशा लोकांना अधिसंख्य, म्हणजे जादा निर्माण केलेल्या, पदांवर ११-११ महिने ठेवायला सुरुवात केली. पगार चालू, खुर्ची चालू. आम्ही पुण्यात खाटेचं भाडं भरतोय, मेसचा डबा दोघांत एक खातोय.

विणकर नागपूर

'बोगस' शब्द सांभाळून वापरा. मी हलबा. आमच्या बापजाद्यांनी पोटासाठी हातमाग धरला म्हणून आम्हाला कोष्टी म्हणायला लागले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या मिलिंद खटल्यात २००० साली आमची जमातच कागदावरून पुसली गेली. माझी मोठी बहीण नव्वदच्या दशकात एका सरकारी कार्यालयात लागली. खोटा दाखला नव्हता भाऊ, तहसीलमधून रीतसर मिळालेला होता. २५ वर्षांनी तिला सांगितलं की तू आदिवासी नाहीस. आज ती अधिसंख्य पदावर आहे, पदोन्नती नाही, निवृत्तिवेतनाचं काय होणार ते कुणी सांगत नाही. झोपेच्या गोळ्या घेते. तिच्या तोंडावर 'बोगस' म्हणून दाखवा.

हरिश्चंद्रगड

तुमच्या ताईचं वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण त्या खुर्चीवर २५ वर्षं एक आदिवासी मुलगी बसली असती. तिच्या झोपेचं कोण विचारणार? ती आज कुठं असेल ते मी सांगतो. उसाच्या फडात, नाहीतर वीटभट्टीवर. तिची बाजू मांडायला इथं कुणी येणार नाही, कारण तिच्याकडे मोबाइलसुद्धा नसेल.

विणकर नागपूर

म्हणजे माझ्या बहिणीनं चोरी केली म्हणता? सरळ म्हणा ना. सरकारनं दाखला दिला, सरकारनं नोकरी दिली, सरकारनं २५ वर्षं काम करून घेतलं, आणि चोर आम्ही?

हरिश्चंद्रगड

चोरी झालेलीच आहे. चोर कोण ते तुम्ही ठरवा.

डोंगरपाडा

दोघंही थांबा. पडताळणीचं मी अंगावर काढलेलं आहे.

माझ्या आईचा जन्म जंगलात झाला, त्याची नोंद कुठं असणार? आजोबांच्या नावावर जमीन नव्हती, कारण ते लग्नगडी होते. म्हणजे १९५० च्या आधीचा कागद नाही. जात पडताळणी समितीपुढे मला विचारलं की लग्नात भिंतीवरचा चौक, म्हणजे आमचं लग्नाचं चित्र, कोण लिहितं. सुवासिनी लिहितात, म्हटलं. चौकातली देवी कोणती? पालघट. मग म्हणाले, धवलेरी, म्हणजे आमच्यात लग्न लावणारी बाई, काय गाते ते म्हणून दाखवा. लग्नाच्या मांडवात म्हणायचं गाणं मी तिथं टेबलासमोर, चपला काढून, उभ्यानं म्हटलं. समोरचा माणूस कागदावर खुणा करत होता. तीन वर्षं गेली त्या दाखल्यात. नेमणूक हातची जाता जाता राहिली.

खरे आदिवासी असून आमची ही गत होते ती खोट्यांमुळे. म्हणून हरिश्चंद्रगड यांच्या रागाच्या बाजूनं मी उभी आहे. २०१७ चा निकाल लागू झालाच पाहिजे आणि रिकाम्या होणाऱ्या जागा भरल्याच पाहिजेत. पण विणकरदादा, तुमच्या बहिणीला 'बोगस' मी म्हणणार नाही. तिची नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्यानं कागद तपासायला हवा होता. त्याचं निवृत्तिवेतन चालूच असेल.

विणकर नागपूर

शेवटचं वाक्य मान्य. बाकीचं नाही. निरोप घेतो.

वैनगंगा

मी गडचिरोलीतून लिहितो, ग्रामसभांच्या वनहक्काच्या कामात आहे. तीन दिवस वाचतोय. आदिवासी राष्ट्रपतीवरून सुरू झालेलं भांडण शेवटी नोकऱ्यांवर येऊन थांबलं. नोकऱ्या मोजक्यांना मिळतात, भाऊ. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात १ कोटी ५ लाख आदिवासी आहेत, त्यातल्या बहुतेकांचं पोट जंगल आणि जमिनीवर आहे.

'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही आमच्या लेखा-मेंढ्याची घोषणा. त्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, नंतर बांबू विकायचा हक्कही मिळाला. ते कुठल्या राष्ट्रपतीमुळे झालं नाही. लोक वर्षानुवर्षं बैठकीला बसले म्हणून झालं.

पण तर्कनिष्ठ, राष्ट्रपती भवन रिकामं असल्यासारखं बोलू नका. पाचव्या अनुसूचीप्रमाणे अनुसूचित क्षेत्राच्या कारभाराचा अहवाल राज्यपालानं राष्ट्रपतींना द्यायचा असतो. एखादा कायदा त्या क्षेत्रात लागू नाही किंवा बदलून लागू, असं राज्यपाल अधिसूचनेनं ठरवू शकतो. आपल्याकडे मे २०२० मध्ये हे वापरलंय. जिल्हा समितीनं वनहक्काचा दावा फेटाळला तर विभागीय समितीकडे अपील करायची सोय तशाच अधिसूचनेनं झाली. हे कलम झारखंडच्या राजभवनात सहा वर्षं ज्या बाईनं हाताळलं, ती आता दिल्लीत बसतेय. तिला समजावून सांगायची गरज नाही.

कसोटी समोरच आहे. २८ जूनला केंद्रानं वनसंवर्धनाचे नवे नियम काढले. आधी ग्रामसभेची संमती घेतल्याशिवाय जंगल वळवायला केंद्राची मंजुरी मिळायची नाही. आता केंद्र आधी मंजुरी देणार आणि वनहक्काचं राज्यानं नंतर बघायचं. पैसा भरून झाल्यावर, झाडांवर खुणा पडल्यावर ग्रामसभा नाही म्हणेल, तर तिचं कोण ऐकेल?

तर्कनिष्ठ

या नियमांचं मी वाचलं होतं, पण तुमच्याकडे त्याचा अर्थ काय होतो ते आत्ता लक्षात आलं. पाचव्या अनुसूचीचा मुद्दा मी सोडून दिला होता, ही माझी चूक. तरीही सांगतो: अधिकार आहे आणि तो वापरला जाईल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डोंगरपाडा (२५ जुलै)

आज शपथविधी शाळेत दाखवला. टीव्ही सरपंचांच्या घरून आणला. पांढरी संथाली साडी, लाल-हिरवा काठ. माइकसमोर आल्या आणि म्हणाल्या, "जोहार! नमस्कार!"

आमच्याकडे एकमेकांना जोहारच करतात. मुलं घरी करतात, पण शाळेत आली की 'नमस्ते बाई' म्हणतात. कुणी शिकवलं नाही, आपोआप बदलतात. आज चौथीतली एक मुलगी उठून उभी राहिली आणि टीव्हीला जोहार केला. मग सगळ्यांनी केला. तर्कनिष्ठ, हे कुठल्या कलमात बसतं ते मला माहीत नाही.

वैनगंगा, त्या २८ जूनच्या नियमांविरुद्ध ग्रामसभेचा ठराव करून थेट राष्ट्रपतींना पाठवायचा आहे. मसुदा आहे का तुमच्याकडे?

वैनगंगा

आहे, पण कच्चा आहे. कायद्याची भाषा नीट हवी. पेसा १९९६ (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायदा २००६, दोन्हींची कलमं घालावी लागतील.

तर्कनिष्ठ

ती मी लिहून देतो. वकिली शिकलोय, एवढं तरी करू शकतो. उद्या रात्रीपर्यंत देईन.

डोंगरपाडा

द्या. पण आधी पेढ्यांबद्दल जे लिहिलंत ते मागे घ्या.

तर्कनिष्ठ

पेढ्यांचं मागे घेतो. शिक्क्याचं घेत नाही. त्याचं उत्तर ठरावावर काय होतं त्यावरून मिळेल.

डोंगरपाडा

चालेल. ग्रामसभा रविवारी आहे. शनिवारपर्यंत माझ्या हातात पाहिजे, प्रती काढायला डहाणूला जावं लागतं.