शब्दचर्चा : पोर्टफोलिओतली चित्रं : 'क्रम' की 'मांडणी'?

प्रश्न : पोर्टफोलिओसाठी चित्रं निवडून झाली. आता कुठलं आधी, कुठलं नंतर, ते ठरवते आहे. या कामाला कोणी 'मांडणी' म्हणतं, कोणी 'क्रम'. दोन्ही एकच का?

प्रतिसाद : एकच नाहीत. मांडणी डोळ्यांपुढे एकाच वेळी असते : चित्र पानावर कुठे, समास किती, एका पानावर एक की दोन. डाव मांडतो, हिशेब मांडतो, तेव्हा सगळं समोर पसरलेलं असतं. क्रम मात्र चालावा लागतो. मूळ संस्कृत धातू 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणं. परिक्रमा, आक्रमण, त्रिविक्रम त्यातूनच आले. पान उलटलं की मागचं चित्र दिसेनासं होतं, पण मनातून जात नाही. म्हणून तुमचं काम क्रम लावण्याचं.

प्रतिसाद : 'अनुक्रम' चालेल का?

प्रतिसाद : यादीसाठी चालेल. शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष यांची यादी जोडता, तिथे तो शब्द शोभतो.

प्रतिसाद : यात 'कालक्रम' मिसळू नका. जुनं आधी, नवं नंतर असं लावलं की बहुतेकदा सुरुवात सगळ्यात कच्च्या कामाने होते. प्रगतीच दाखवायची असेल तर गोष्ट वेगळी.

प्रतिसाद : क्रम शब्दाचा मला सर्वांत उपयोगी वाटणारा अर्थ वेदपठणातला आहे. क्रमपाठात पहिलं पद दुसऱ्याबरोबर म्हणतात, मग दुसरं तिसऱ्याबरोबर, तिसरं चौथ्याबरोबर. मधलं प्रत्येक पद दोनदा येतं, एकदा मागच्या शेजाऱ्यासह, एकदा पुढच्या. पोर्टफोलिओ असाच तपासावा. चित्रांच्या छोट्या प्रती काढा, जमिनीवर पसरा आणि दोन-दोन उचलून बघा.

शेजाराने खरंच चित्र बदलतं. पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत रंगविभाग सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ शेवरल यांच्याकडे तक्रार आली, की काळा धागा फिका दिसतो. दोष रंगात नव्हता, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तसं दिसत होतं. त्यावरचा त्यांचा ग्रंथ 1839 साली निघाला. भडक तैलचित्रानंतर लगेच पेन्सिलीचं नाजूक रेखाटन आलं, तर ते असंच बिचारं दिसतं. ते आधी ठेवा, किंवा रेखाटनांचा एक सलग गट करा.

प्रश्नकर्ती : मग सर्वांत चांगलं चित्र कुठे? शेवटी राखून ठेवावं असं वाटतं.

प्रतिसाद : नको. पाहणारा घाईत असेल तर तिथवर पोचणारही नाही. पहिलं आणि शेवटचं लक्षात राहतं, मधलं विरतं. सर्वांत भक्कम चित्र आरंभाला, त्याच्या तोडीचं दुसरं अखेरीला.

प्रश्नकर्ती : एक जुनं व्यक्तिचित्र आहे, मला फार प्रिय. कुठेही ठेवलं तरी खटकतं.

प्रतिसाद : 'क्रमात बसत नाही' म्हणतात ते हेच. दोन्ही बाजूंचे शेजारी बदलून पाहिल्यावरही खटकत असेल तर गाळा. प्रिय असलं तरी.

प्रतिसाद : भर घालतो. छापील वहीत समोरासमोरची दोन पानं एकदम दिसतात, तिथे क्रम आणि मांडणी एकत्र येतात. ती जोडी आधी जुळवा, मग जोड्यांचा क्रम लावा. पडद्यावर एकेक चित्र सरकत येणार असेल, तर हा प्रश्नच नाही. तिथे निव्वळ क्रम.