मदत हवी आहे : ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’च्या प्रयोगासाठी आसन कोणते घ्यावे?

नमस्कार. १९८६ पासून लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरमध्ये (२०२३ पर्यंत हर मॅजेस्टीज) चालत आलेली आणि मार्च २०२० मध्ये साथीमुळे थांबलेली ही संगीतिका २७ जुलै २०२१ रोजी पुन्हा सुरू झाली असून, तिच्या प्रयोगाला मी आईला घेऊन जाणार आहे. गुडघ्यांमुळे तिला एका वेळी दहा-बारापेक्षा जास्त पायऱ्या चढवत-उतरवत नाहीत, म्हणून वरचे दोन्ही सज्जे मी आधीच वगळले आहेत. आता तळमजल्यावरील मागच्या रांगा आणि रॉयल सर्कल, म्हणजे सर्वांत खालचा सज्जा, एवढेच पर्याय उरतात.

अडचण झुंबराची आहे. सुरुवातीच्या लिलावाच्या प्रसंगानंतर ते प्रेक्षकांच्या डोक्यावर चढते आणि पहिला अंक संपताना खाली कोसळते; ते वर जाताना न दिसणे म्हणजे संगीत नाटकाला जाऊन नांदी चुकण्यासारखे आहे, असे मला मनापासून वाटते. आसनांचा नकाशा मी बारकाईने पाहिला, पण डोक्यावरचा सज्जा किती पुढे येतो हे त्यावरून कळत नाही.

पिकॅडिली सर्कस स्थानकात पायऱ्या टळत नसल्याने ग्रीन पार्कला उतरून टॅक्सी करायचे ठरले आहे, त्यामुळे प्रवासाबद्दल शंका नाही. दोन तिकिटांसाठी दीडशे पौंडांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे.

ज्यांनी तिथे प्रयोग पाहिला आहे त्यांनी कृपया सांगावे : तळमजल्यावर कितव्या रांगेपर्यंत झुंबर पूर्ण दिसते, आणि दारापासून तिथे पोहोचायला किती पायऱ्या उतराव्या लागतात?