यादीच्या ओळी आणि स्वल्पविराम (घरचा ग्रुप)

मामा: ताई, कापसाच्या यादीची स्क्रिप्ट काहून अडून राहिली? रकाने सहा (नंबर, गाव, प्रत, भाव, वजन, शेरा), अन् पायथन (ज्या संगणकभाषेत स्क्रिप्ट हाय ते) सात तुकडे दाखवते. ही ओळ पहा. वजन अन् शेरा भरायचाच हाय.
१४,वाढोणा,लांब धागा,"८,११०",,

ताई: भाव पहा मामा. २०२५-२६ चा हमीभाव मधल्या स्वल्पविरामासकट लिहिला आहे. स्प्लिटला, म्हणजे ओळीचे तुकडे करणाऱ्या हुकमाला, अवतरणचिन्ह कळत नाही, स्वल्पविराम दिसला की तोडतो. ८ इकडे, ११० तिकडे. सहा रकान्यांना पाच स्वल्पविराम लागतात, इथं स्वल्पविराम मोजणारा काउंट(',') सहा देईल.

दादा: म्हणून आधी काउंट फिरवा अन् पाच नाहीत त्या ओळींचे नंबर छापा. वाचायला मात्र पायथनचा सीएसव्ही रीडरच घ्या (स्वल्पविरामानं तोडलेल्या फाईली वाचणारा), तो अवतरणातला स्वल्पविराम तोडत नाही, सहाच रकाने देतो. फक्त स्वल्पविराम अन् अवतरण यांच्यात जागा सोडली असेल तर त्यालाही ते अवतरण कळत नाही. मग भावातला स्वल्पविराम रीप्लेसनं काढा, नाही तर मजकुराचा आकडा करणारा इंट अडतो. मराठी आकडे त्याला चालतात.

भाचा: मी पर्ल या दुसऱ्या संगणकभाषेत केलं तर पाचच आले!

दादा: पर्लचा स्प्लिट शेवटचे रिकामे तुकडे टाकून देतो. तिसरी किंमत -१ दे, सातही येतील. तुकडे मोजून स्वल्पविरामांचा अंदाज बांधू नको, पर्लमध्ये तर नाहीच.

ताई: रिकाम्या ओळीचंही पहा. पायथनचा स्प्लिट(',') तिथंही एक रिकामा तुकडा देतो. ऑक या तिसऱ्या भाषेत एनएफ (ओळीतल्या रकान्यांची संख्या) शून्य येतो, म्हणून एनएफ वजा एक केलं की उत्तर -१! रिकाम्या ओळी आधीच गाळा.

भाचा: ओळीच्या शेवटची मोकळी जागा काढायला स्ट्रिप लावलं तर चालेल ना?

ताई: स्वल्पविराम असेल तर चालेल. टॅबनं तोडलेल्या फाईलला लावू नको, शेवटचे टॅब म्हणजे रिकामे रकानेच, स्ट्रिप ते खाऊन टाकतो. फक्त ओळतोड काढ, आरस्ट्रिप('\एन').

मामा: काउंट लावलं. १४ सापडली. अन् ३७ मध्ये चारच निघाले बाप्पा.
३७,लांब धागा,८११०,१२,

दादा: गाव लिहायचं राहिलं. रीडरही तिथं पाचच रकाने देईल, अन् प्रत गावाच्या रकान्यात बसेल. कोणता रकाना गळला हे स्क्रिप्टला ठरवता येत नाही. वही काढा, हातानं भरा.