अलास्कात मासेमारी: बाबांसाठी होमर की स्युअर्ड?

पाणकणीस
नमस्कार मंडळी. आम्ही सिअ‍ॅटलला असतो. जुलैअखेर आई-बाबा देवगडहून येताहेत आणि आठवडाभर अलास्काला जायचं ठरतंय. बाबा ७१ वर्षांचे आहेत. पावसाळा सोडला तर अजूनही संध्याकाळी गरवायला जातात. खरोखर मोठ्या माशाची ओढ एकदा त्यांच्या हाताला लागावी, एवढीच माझी इच्छा. अँकरेजहून होमरला जावं की स्युअर्डला? हॅलिबट (तळाशी राहणारा मोठा चपटा मासा) आणि सॅमन दोन्ही एकाच दिवसात देणाऱ्या बोटी दिसताहेत, त्या घ्याव्यात का? आईला बोट लागते.

खाडीकाठ
अँकरेजला नऊ वर्षं काढली आणि दर उन्हाळ्यात दोन्हीकडे गेलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही मासे एका दिवसात नकोत. स्युअर्डहून हॅलिबटसाठी तिथली खाडी, रेझरेक्शन बे, ओलांडून बाहेर लांबवर जावं लागतं. तिथे अलास्काच्या आखाताची मोठी लाट असते आणि दिवसातले कितीतरी तास नुसते जाण्यायेण्यात संपतात. वयस्कर माणसांना तर अजिबात नको.

हॅलिबट होमरला. अँकरेजहून गाडीने साडेचार-पाच तास. हा मासा हिवाळ्यात खोल पाण्यात अंडी घालतो आणि उन्हाळ्यात खायला उथळ पाण्याकडे सरकतो, त्यामुळे तुमचा महिना चांगलाच आहे. पण महिन्याइतकीच तिथी बघा. बाबांना हे समजावून सांगावं लागणार नाही. होमरलगतच्या कुक इनलेट या खाडीत उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी सात-आठ मीटर चढतं-उतरतं, देवगडच्या दुपटीहून जास्त. इथे बोट नांगरून आमिष तळाशी ठेवायचं असतं, आणि उधाणाच्या ओढीत दोन किलोचं शिसंही तळाला टिकत नाही. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या पुढेमागे, ओढ कमी असते आणि पाणी थबकतं तो वेळही लांबतो. मी पहिल्या वर्षी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची बोट घेतली होती. अख्ख्या दिवसात खरी मासेमारी जेमतेम पाऊण तास झाली, बाकी वेळ सगळ्यांच्या दोऱ्या पाण्यात आडव्या. तेव्हापासून आधी कालनिर्णय उघडतो, मग बोट ठरवतो.

बाबांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. इथे हॅलिबटला गोल वळलेला गळ लावतात. मासा ओढू लागला की आपला हात सवयीने हिसका देतो, आणि हिसका दिला की हा गळ तोंडातून सुटून येतो. गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात रुततो, आपण फक्त संथपणे रीळ फिरवत राहायचं. मासा मोठा असेल तर पाण्याखालून एखादं दार वर ओढतोय असं वाटतं. पृष्ठभागाशी आला की तपकिरी पाठ आणि एकाच बाजूला असलेले दोन्ही डोळे दिसतात. आपल्याकडच्या लेपोचा राक्षसी भाऊबंदच. बहुतेक मासे सात ते बारा किलोचे मिळतात, आणि खायला तेच चांगले. फार मोठ्या माद्या असतात. त्या सोडून द्याव्यात असं माझं मत.

चिंगुळ
आईंसाठी: मेक्लिझिनची गोळी आदल्या रात्री एक आणि सकाळी निघण्याआधी एक, पण डॉक्टरांना विचारूनच. बोट लागायला लागल्यावर घेऊन उपयोग होत नाही. आल्याच्या वड्या खिशात ठेवा. होमरला त्यांनी किनाऱ्यावर थांबलेलं बरं. होमर स्पिट ही सात किलोमीटर लांबीची चिंचोळी जमीन समुद्रात घुसलेली आहे. तिथे दुकानं आहेत, बाकं आहेत, समोर बर्फाचे डोंगर. दिवस सहज जातो.

पाणकणीस
बाबांना फोनवर उधाणाचं सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "तिथे वारा कधी सुटतो?" सॅमनचंही जरा सांगाल का?

खाडीकाठ
वारा साधारण दुपारनंतर, म्हणून पहाटेची बोट घ्या. एक दिवस मोकळा ठेवा. वाऱ्यामुळे कॅप्टनने फेरी रद्द केली तर हुज्जत घालू नका. त्या पाण्यात पडलेला माणूस थंडीनेच गारठतो.

सॅमनमध्ये पाच जाती: किंग, सॉकाय, सिल्व्हर, पिंक आणि चम. १९८५ साली केनाई नदीत ४४ किलोचा किंग गळाला लागला होता, तो विक्रम अजून आहे. पण किंग आता इतके घटलेत की त्या नदीत गेली काही वर्षं त्यांची मासेमारीच बंद आहे, तेव्हा त्याचा नाद नको. तुमच्यासाठी स्युअर्डचे सिल्व्हर. जुलैच्या उत्तरार्धात ते रेझरेक्शन बेमध्ये यायला लागतात आणि ऑगस्टभर जोर असतो. तीन-पाच किलोचा मासा, पण पाण्याबाहेर उड्या मारत झुंजतो. खाडी डोंगरांनी वेढलेली, अर्ध्या दिवसाची बोट घेतली तर आईही येऊ शकतील. आणखी चार दिवस पुढे ढकलता आलं तर ढकला.

अलास्काबाहेरच्या माणसाला लायसन्स एका दिवसाचं १५ डॉलर, तीन दिवसांचं ३०. ऑनलाइन मिळतं. चार्टर (भाड्याने मासेमारीला नेणाऱ्या) बोटींना हॅलिबट ठेवायला ठरावीक वारी मनाई असते, गेल्या काही हंगामांत बुधवारी होती. दोनपैकी एका माशाला लांबीची मर्यादाही असते. हे दरवर्षी बदलतं, म्हणून बुकिंग करताना यंदाचा नियम विचारून घ्या.

चिंगुळ
मासा तिथेच साफ करून, व्हॅक्यूम पॅक करून, गोठवून मिळतो. ५० पौंडांची खोकी विमानात चेक-इन होतात. हॅलिबटला चरबी कमी, जास्त शिजवला की कोरडा पडतो. तिरफळाच्या कालवणात अगदी शेवटी टाका, पाच मिनिटं पुरे. सॅमनला मात्र आमसूल-लसूण लावून तव्यावर.

पाणकणीस
मनापासून आभार. तारखा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सरकवल्या. होमरची बोट कोणत्या दिवशी घ्यायची ते बाबा ठरवताहेत, कालनिर्णयचं पान फोटो काढून पाठवलंय त्यांनी, दोन तारखांना पेनाने गोल करून. आणि खाली लिहिलंय, "तिरफळं मी आणतो."