मदत हवी आहे: लिस्टर टाइप इंजिन रिकामं असताना ठोकतं, लोड दिला की गप्प

गिरणवाली:

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत आमची भातगिरणी आहे. एक हलर (भात सडायचं यंत्र), एक पिठाची चक्की, एवढाच पसारा. सासऱ्यांनी चालू केली, आता मी बघते. वाडीत थ्री फेज लाइन नाही, म्हणून सगळं काम डिझेल इंजिनावर चालतं. इंजिन लिस्टर टाइप, उभं, एक सिलिंडर, सहा हॉर्सपॉवर, ६५० आरपीएम, दोन्ही बाजूंना मोठी फ्लायव्हील. शेजारी पाण्याचं पिंप आहे, गरम पाणी वर चढतं आणि गार खाली येतं, पंपाची भानगड नाही. नेमप्लेट कधीच गळून पडली, त्यामुळे कुठल्या कारखान्याचं ते सांगता येणार नाही. एवढी वर्षं व्हॉल्व्ह, नॉझल आणि रिंगा सोडून त्याने काही मागितलेलं नाही.

गणपतीनंतर ठोका सुरू झाला. पट्टा लूज पुलीवर (नुसत्या रिकाम्या फिरणाऱ्या पुलीवर) असला की लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज येतो. पट्टा हलरवर सरकवून भात सोडलं की आवाज जवळजवळ नाहीसा होतो. बंद करताना डिझेल तोडल्यावर चाकं हळूहळू थांबत जातात, त्या वेळी तर उलट जास्त स्पष्ट ऐकू येतो.

बाकी तब्येत ठणठणीत. हँडल मारलं की लगेच पकडतं. सकाळी थोडा पांढरा धूर, मग साफ. काळा नाही, निळा नाही. तेल ताजं आहे, पातळी बरोबर. जुन्या तेलात चुंबक फिरवून बघितला, काही चिकटलं नाही.

आमच्याकडे येणारे मिस्त्री म्हणतात बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँकवर बसणारं बेअरिंग) गेला, क्रँक काढून कोल्हापूरला उद्यमनगरात ग्राइंडिंगला न्यावा लागेल. खर्च करू, पण नवं भात यायला लागेल तेव्हाच गिरणी बंद ठेवायची म्हणजे वर्षाचं गणितच बिघडतं. इंजिन उघडण्याआधी बाहेरून काय काय तपासता येईल? थ्री फेजचा अर्ज देऊन झालाय, तेव्हा कृपया तो सल्ला नको.

स्पॅनरपाना:

ताई, टायमिंग बघा. डिझेल लवकर पडत असेल तर असंच ठोकतं. ६५० आरपीएमच्या लिस्टरला इंजेक्शन टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर पोचतो ती जागा) २० अंश आधी असतं. अंश मोजायला काही नसेल तर फ्लायव्हीलच्या घेराला दोरी लावा आणि तिचे अठरा समान भाग करा. एक भाग म्हणजे २० अंश. चाकावर टीडीसीची खूण करून तेवढं मागे मोजायचं.

सुगीचा_हिशोब:

अर्ज दिलाय हे वाचलं, तरी बोलतोच. सहा हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण लोडवर तासाला लिटरभराहून जास्त डिझेल पिणार. आजच्या भावात दळणाचे किती सुटतात तुमचे? सिंगल फेजवर चालणारी छोटी चक्की घ्या, पीठ तरी तिच्यावर काढा. हे इंजिन हलरपुरतं ठेवा.

गिरणवाली:

@सुगीचा_हिशोब, पावसाळ्यात आमच्याकडे झाड पडलं की सिंगल फेजही जातो, तेव्हा आजूबाजूच्या वाड्यांचं दळण याच इंजिनावर येतं. म्हणून ते मोडीत काढत नाही.

खडकीचा_फिटर:

टायमिंग नाही. डिझेल तोडल्यावरही ठोका येतो असं ताईंनी लिहिलंय. सिलिंडरमध्ये जळायलाच काही नाही, तर इंजेक्शनचा ठोका येणार कुठून? दोष यांत्रिक आहे, हे नक्की.

पण बिग एंडवरही माझा विश्वास बसत नाही. बिग एंड गेला की लोडवर ठोका वाढतो, कारण प्रत्येक स्फोटाचा दणका थेट त्याच्यावर येतो. तुमचा लोडवर गप्प होतो. माझा संशय फ्लायव्हीलच्या चावीवर आहे. या इंजिनात फ्लायव्हील क्रँकवर पाचरीच्या चावीने पकडलेलं असतं, बाहेरच्या बाजूला तिचं चौकोनी डोकं दिसतं. चावी सैल झाली की रिकामं चालताना गडबड होते: पॉवर स्ट्रोकला क्रँक चाकाला ढकलतो, कॉम्प्रेशनला चाक क्रँकला ढकलतं. बाजू पालटताना मधलं बारीकसं अंतर आपटतं. लोड असला की पट्ट्याची ओढ सतत एका दिशेने राहते आणि आवाज दबतो. एवढं जड चाक असल्यामुळे तो ठोका अख्ख्या इंजिनात घुमतो आणि भले भले बिग एंड समजून क्रँक बाहेर काढतात.

आता तपासणी. इंजिन बंद, गार. प्रत्येक चाकाच्या बॉसजवळ (शाफ्ट जातो तो चाकाचा मधला जाड भाग), चावी शाफ्टात शिरते तिथे कपड्याने पुसून बघा. गेरूसारखी तांबूस भुकटी दिसली, किंवा तेल मिसळून झालेली चॉकलेटी चिकटाई, तर समजा तिथे लोखंड लोखंडावर घासतंय. मग सांध्यावर तेलाचा एक थेंब टाका. दुसऱ्या माणसाला चाक कॉम्प्रेशनपर्यंत आणून मागेपुढे हिसके द्यायला सांगा आणि तुम्ही बोट अर्धं शाफ्टवर, अर्धं बॉसवर ठेवा. हालचाल डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळते. तेलाचा थेंब आत ओढला जाऊन परत बाहेर येत असेल तर पुरावा पक्का. दोन्ही चाकं वेगवेगळी बघायची.

बिग एंडची शंका काढायला क्रँक काढावा लागत नाही. क्रँककेसच्या बाजूचं झाकण उघडा, पिस्टन टीडीसीच्या जरा पुढे ठेवा, आत हात घालून कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवा. गेलेला बिग एंड हाताला खडखडून सांगतो. आणि चुंबकाचं म्हणाल तर बेअरिंगच्या वाट्यांवरचा पांढरा धातू चुंबकाला चिकटतच नाही. जुनं तेल पांढऱ्या कपड्यातून गाळा आणि उन्हात चमक दिसते का बघा.

आरुषाहून:

टांझानियात असतो. इथल्या गावांत मक्याच्या पिठाच्या गिरण्यांना पोशो मिल म्हणतात आणि त्यांतल्या कितीतरी अजून भारतातून आलेल्या याच लिस्टर टाइप इंजिनांवर चालतात. मूळ डिझाइन १९३० च्या सुमाराचं, इंग्लंडमधल्या डर्स्लीचं. तिथे उत्पादन १९८७ मध्ये थांबलं, पण राजकोटची नक्कल आफ्रिकेत सगळीकडे पोचली आहे. फिटर साहेबांशी सहमत. इथेही पहिला संशय चावीवरच घेतात.

एक भर घालतो. फोनवर आवाज रेकॉर्ड करून वेग कमी करून ऐका. ६५० आरपीएमला एक्झॉस्टचे फटके सेकंदाला पाच-साडेपाच पडतात. ठोका दर फटक्याला एकदा येतो की दोनदा, ते मोजा. दोनदा येत असेल तर काहीतरी दर फेऱ्याला आपटतंय. एकदाच येत असेल तरी चावीवरचा संशय सुटत नाही, पण पिस्टन पिनचा बुशही (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनीचं बेअरिंग) यादीत ठेवायचा.

गिरणवाली:

सगळ्यांचे आभार. केलेल्या तपासण्या अशा. झाकण उघडून रॉड हलवला, वर-खाली काही जाणवलं नाही, बाजूला मात्र थोडा सरकतो. तेल गाळलं, कपड्यावर चमक नाही. डाव्या चाकाला काही नाही. उजव्या बाजूला पुली फ्लायव्हीललाच बोल्टने बसवलेली आहे, तिच्यामागे चावी दिसतच नव्हती. पुली काढली तर आत चावीच्या दोन्ही अंगांना तांबूस भुकटी, बोटाला लागेल एवढी. दिराने चाकाला हिसके दिले, तेव्हा तेलाचा थेंब आत गेला आणि बुडबुडा होऊन बाहेर आला. मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, घण घेऊन येतो, दोन घावांत चावी आत बसेल. येऊ देऊ का?

खडकीचा_फिटर:

घण नको! रॉड बाजूला थोडा सरकणं ठीक आहे, त्याची काळजी सोडा.

घासून झिजलेली चावी तशीच आत ठोकली तर ठोका थोड्या दिवसांपुरता जाईल आणि की-वे (चावी बसते ती खाच) आणखी रुंद होईल. आधी ती बाहेर काढा. रात्रभर रॉकेल-तेल सोडून ठेवा. मग चावीचं डोकं आणि बॉस यांच्या फटीत दोन पाचरी समोरासमोरून घाला आणि दोन्हींवर आलटून पालटून टोले द्या. फक्त डोक्याला पकडून पिळू नका, ते तुटलं तर ड्रिल मारत बसावं लागेल. बॉस गॅसने तापवायचाही नाही, कास्ट आयर्न आहे, तडकेल.

नवी चावी ईएन ८ च्या (मध्यम कार्बनचं पोलाद) बारमधून करून घ्या, जुनी नमुन्याला द्या. उतार १०० ला १. कारागिराला दोन गोष्टी बजावून सांगा. एक, दोन्ही अंगं की-वेमध्ये घट्ट हवीत, नुसता वरचा उतार आवळून चालत नाही. अंगांना जागा राहिली की ठोका परत येणार. दोन, निळी शाई लावून बसवून बघायची आणि वरच्या बाजूला डाग पूर्ण लांबीभर यायला हवा. टोकालाच आला तर कानस लावून परत बसवायची. पूर्ण बसल्यावरही डोकं आणि बॉसमध्ये थोडी फट राहिली पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी पाचर कुठे घालणार? शाफ्टचा की-वे आणि चाकाचा की-वे वेगवेगळे रुंद झाले असतील तर पायरीची चावी (खाली-वर वेगवेगळ्या रुंदीची) करावी लागेल.

आणि डाव्या चाकाच्या चावीचं डोकं उघडं असेल तर त्यावर पत्र्याची गोल टोपी बसवा. ओढणी, पदर, लुंगी, काहीही त्यात अडकतं आणि ६५० च्या वेगाला माणसाला सोडवायला वेळ मिळत नाही.

स्पॅनरपाना:

माझं टायमिंग राहिलंच की. पण सकाळचा पांढरा धूर कमी करायचा असेल तर चावीचं काम झाल्यावर नॉझल टेस्ट करून घ्या.

गिरणवाली:

चावी निघाली, डोकं शाबूत. बाजूंना खाचा पडल्या होत्या. लांज्याच्या एका लेथवाल्याने नवी करून दिली. शाई लावून बसवताना तो आधी कुरकुरला, मग त्याने मन लावून केलं. मिस्त्री शेजारी उभे राहून बघत होते. पुली चढवली, रिकामं चालवलं: ठोका गेला. हळू होतानाही नाही. आता मिस्त्रींचं म्हणणं, उजवी केलीच आहे तर डावीही बदलून टाकू. करू का?

खडकीचा_फिटर:

नाही. जी घट्ट आहे तिला हात लावू नका. उजवी दोन-चार दिवस चालवून इंजिन बंद करून एकदा हलका टोला देऊन बघा, नवी चावी जरा आत जाते. डाव्या बॉसची जागा पुसून कोरडी ठेवा, सुगी संपली की परत बघा. भुकटी दिसली तर तेव्हा काढू.