विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या जेवणाची जबाबदारी घ्यावी का?

खडूफळा
विद्यार्थी तासाला येत नाही, आला तर मागच्या बाकावर डोकं टेकून बसतो, सबमिशन कधीच वेळेत नसतं. आपण लगेच ठरवून मोकळे होतो की याला शिकायचंच नाही. तो जेवलाय का, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की ग्रंथालय जसं सगळ्यांसाठी उघडं असतं, तसं रोजचं एक पोटभर जेवणही विद्यापीठाने सगळ्यांना द्यावं, उत्पन्नाचा दाखला न मागता.

अन्न-असुरक्षितता म्हणजे पैशाअभावी पुरेसं अन्न मिळण्याची खात्री नसणं. ती मोजायची संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची प्रश्नावली आठ प्रश्नांची आहे. पहिला प्रश्न पैशाअभावी अन्न पुरेल की नाही या काळजीचा, शेवटचा दिवसभर काहीच न खाल्ल्याचा. मधे असतात रोज तेच ते खाणारे, ताटात कमी वाढून घेणारे, एक वेळ चुकवणारे. बरेच विद्यार्थी इथे अडकलेले असतात आणि बाहेरून काही दिसत नाही. ही काळजी झोप खाते, चिडचिड वाढवते, मित्रांपासून तोडते. अभ्यासाला डोकं शिल्लक कुठे राहतं?

संख्यामित्र
कळकळ पोचली, पण कारण आणि परिणाम इतके सरळ जोडता येत नाहीत. ज्याला जेवण परवडत नाही त्याला भाडं आणि पुस्तकंही परवडत नाहीत, म्हणून तो रात्री काम करतो. गुण भुकेने गेले की जागरणाने?

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातला 1944-45 चा प्रयोग पाहा. 36 तरुण सुमारे सहा महिने अर्धपोटी राहिले. लक्ष लागत नाही, असं ते सांगत होते, पण बुद्धीच्या ठरावीक चाचण्यांत घसरण दिसली नाही. शिवाय अमेरिकेच्या सरकारी लेखा कार्यालयाने 2018 मध्ये 31 अभ्यास तपासले. त्यातल्या 22 अभ्यासांत 30 टक्क्यांहून जास्त विद्यार्थी अन्न-असुरक्षित निघाले, पण देशभराचं प्रातिनिधिक चित्र एकाही अभ्यासात नव्हतं.

खडूफळा
प्रातिनिधिक आकडा नंतर आला. अमेरिकेच्याच 2019-20 च्या राष्ट्रीय पाहणीत पदवीचं शिक्षण घेणाऱ्यांपैकी सुमारे 23 टक्के अन्न-असुरक्षित निघाले. 30 पेक्षा कमी, पण तरी जवळपास चौघांत एक!

मिनेसोटाचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. ती माणसं उदास झाली, एकलकोंडी झाली, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली. चाचणी थोड्या वेळाची असते, तेवढ्यापुरतं माणूस स्वतःला रेटून नेतो. सत्र महिनोन्महिने चालतं. आणि त्यांना पुढचं जेवण मिळणार की नाही ही धास्ती नव्हती, ते ठरलेल्या वेळी ठरलेलं मिळत होतं.

ताळेबंद
मला वेगळीच अडचण दिसते. विद्यापीठाचं काम शिकवणं. सगळ्यांना फुकट जेवण म्हणजे ज्यांना गरज नाही त्यांच्यावरही खर्च, आणि तो शेवटी प्रयोगशाळा, शिष्यवृत्त्या यांतूनच कापला जाणार. गरजूंसाठी सरकारी अन्नमदत असतेच की.

वाचनकक्ष
असते, पण विद्यार्थ्यापर्यंत पोचते का? अमेरिकेतलाच नियम घ्या: पूर्णवेळ अभ्यासक्रमाच्या निम्मा किंवा त्याहून जास्त भार घेऊन शिकणाऱ्याला अन्नमदत सहसा मिळत नाही. मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे आठवड्याला 20 तास काम. म्हणजे जेवण हवं असेल तर अभ्यासाचे तास द्या! त्याच 2018 च्या अहवालात पात्र ठरू शकणारे सुमारे 33 लाख विद्यार्थी मोजले होते, त्यातल्या जवळपास 20 लाखांनी मदत मिळाल्याचं नोंदवलेलं नव्हतं.

मी स्वतः विद्यार्थी आहे. खिडकीशी कागद दाखवून जेवण मिळणार असेल तर माझ्यासारखे बरेच जण त्या रांगेत उभेच राहणार नाहीत. वर्गातलं कुणी पाहील, ही भीती भुकेपेक्षा मोठी असते.

संख्यामित्र
लाजेचा मुद्दा मान्य. तरी जेवण दिल्याने गुण वाढतील असं आश्वासन देऊ नका. उद्या निकाल तसेच राहिले तर तेच कारण दाखवून योजना बंद पाडतील. उपाशी कुणी राहू नये, एवढं कारण पुरेसं आहे.

ताळेबंद
मग शुल्कमाफीच्या यादीवरून ओळखपत्रातच जेवण जमा करा. सगळ्यांचं कार्ड सारखंच, रांगेत कुणाला काही कळणार नाही. सरसकट फुकटला माझा विरोध कायम आहे.

खडूफळा
कार्डाची कल्पना चांगली आहे. पण ती यादी प्रवेशाच्या वेळची. सत्राच्या मधेच ज्याच्या घरच्याची नोकरी गेली, किंवा ज्याला घरून पैसे येणं बंद झालं, त्याचं नाव त्या यादीत कसं येणार?